पोपटाचं मेडिकल

चार माणसं वर्षानुवर्षं एका शेडमध्ये राबली की किस्से आपोआप साचतात, मुद्दाम जमवावे लागत नाहीत. लोणावळ्याच्या आमच्या इंजिन शेडमध्ये मात्र निम्मे किस्से पोपटांचे! कुरवंड्याच्या डोंगरातली ठाकर मंडळी पिल्लं घेऊन यायची, आणि क्वार्टर्समध्ये घरोघरी पिंजरा. बोलतो तो नरच, अशी सगळ्यांची ठाम समजूत. पण पिल्लं तर सगळीच हिरवी! म्हणून घरी न्यायच्या आधी शेडमध्ये पोपटाचं ‘मेडिकल’ व्हायचं. औंढ्याचे आमचे जुने फिटर तानाजी आबा म्हणायचे, "भरतीला आपलं झालं, मग त्याचं का नको?"

*

आबांची परीक्षा अंगठीची. दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरायची. सरळ हलली तर नर, गोल फिरली तर मादी. एकाच पिल्लाला आबांनी सकाळी नर ठरवलं आणि दुपारी मादी! मला राहवेना. मी दोरा घेतला आणि आबांच्याच डोक्यावर धरला. अंगठी गरागरा फिरली.

शेडमधून कुणीतरी ओरडलं, "आबा, घरी ठावं हाय का?"

*

जातीचीही भानगड होतीच. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट सगळ्यांत हुशार, असं म्हणत. आमच्या टाइमकीपरनं बाजारातून तसला एक मोठ्या ऐटीत आणला. वर्णन करून करून आम्हाला पिडलं. पहिल्याच आंघोळीत वाटीतलं पाणी लाल!

आबांनी त्यात बोट बुडवलं, वास घेतला. "जात म्हाईत न्हाई, पर रंग सिग्नलचा हाय!"

*

पॉइंट्समन धोंडिबाच्या लहानखुऱ्या पोपटाचं डोकं हळूहळू लालजांभळं व्हायला लागलं. रक्त डोक्यात चढलं असं समजून बायकोनं कांद्याचा रस लावला. तरी लाली वाढतच चालली. शेवटी धोंडिबा पिंजरा घेऊन रेल्वेच्या दवाखान्यात माणसांच्या रांगेत बसला. डॉक्टरांनी चष्मा सरकवून बराच वेळ निरखलं.

"अहो, ही टुईयाची, लाल डोक्याच्या पोपटांची जात. याला ताप नाही, तारुण्य आलंय!"

*

गळ्याला कंठी नाही म्हणजे मादी, असं सांगून आबांनी एक पिल्लू वलवणच्या पाहुण्यांना देऊन टाकलं. कंठी नराला उशिरा येते, हे कुणाला ठाऊक? काही वर्षांनी पाहुणे भेटले.

"आबा, तुमच्या मादीनं माळ घातली की वो!"

*

शेवटचा गोविंदभाऊंचा. भाऊ घाटातले इंजिन ड्रायव्हर. त्यांची एकुलती एक लेक मंगल लग्न होऊन सोलापूरकडं गेली, आणि वहिनींनी बोलणंच सोडलं. ताट वाढायच्या, भांडी घासायच्या, पण तोंडातून शब्द नाही. भाऊ रडकुंडीला आले होते.

"घरात कायतरी बोललं पायजे रं," ते म्हणाले. "नर बघून द्या. चुकू नगा."

त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. आम्हालाही वाईट वाटत होतं. चोच, शेपटी, अंगठी, सगळं तपासून आबांनी छातीठोकपणे सांगितलं, "नर!"

वहिनी त्याला शिकवायला बसल्या. "बोल राजा, विठू विठू बोल." पोपट गप्प. मग त्या रागावू लागल्या, मग समजूत घालू लागल्या, मग शेजारणींची गाऱ्हाणीही त्यालाच सांगू लागल्या. पोपट घरभर मोकळा हिंडायचा, सगळं ऐकायचा, पण बोलला नाही. वर्षं गेली, कंठीही आली नाही.

एके सकाळी ड्यूटीवर निघताना भाऊंनी कोनाड्यातली टोपी उचलली. टोपीत अंडं!

भाऊंनी मला आणि आबांना बोलावून घेतलं, अंडं दाखवलं आणि पाखरू पिंजऱ्यात कोंबलं. "कुरवंड्याला परत देतो. बोलणारा नर आणतो."

आम्ही दोघं माना खाली घालून उभे. वहिनी आतून आल्या आणि भाऊंच्या हातातून पिंजरा काढून घेतला.

"एक लेक दिली," त्या म्हणाल्या. "ही न्हाई द्यायची!"