मुनियम्मा काय म्हणाली

बेळगाव स्टेशनावर गाडी सुटायला पाऊण तास होता आणि दादा बापाच्या काळजीने पुन्हा पुन्हा वाकून माझी ट्रंक बाकाखाली नीट बसली आहे का ते बघत होते. आई निपाणीहून आलीच नव्हती. तिला मोटार लागते असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे मी जाताना तिला बघवणार नव्हतं. कमल, तू तेव्हा दहा वर्षांची. दशम्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसली होतीस आणि मला द्यायला तयार नव्हतीस. गाडी हलली तेव्हा दादा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "परमुलखात चाललीस. कुणाचं मन दुखेल असं बोलू नकोस."

मी मान हलवली.

आता तू प्रत्येक पत्रात विचारतेस, ताई, नोकरी पुरे, घरी कधी येतेस? तुला उत्तर द्यायचं तर आजवर कुणालाच न लिहिलेलं सांगावं लागेल.

बंगलोरला गावविकासाच्या कचेरीत परदेशी तज्ज्ञांबरोबर फिरायला इंग्रजी आणि कन्नड येणारी मुलगी हवी होती. माझं कन्नड निपाणीच्या बाजारातलं. इथले लोक ते ऐकून तोंडावर हात धरून हसायचे. राहायला कॉटनपेटेत रुक्माक्कांकडे खोली मिळाली. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. "स्वल्प बस गं, कॉफी होते, सरी का?" असं त्या म्हणायच्या. त्यांची कन्नड मिसळलेली मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं, दुसऱ्या आठवड्यात रडू यायला लागलं.

माझं काम इंगरबाईंबरोबर होतं. त्या डेन्मार्कच्या, चाळिशीच्या, लहान मुलांच्या परिचारिका. बाई मनाने चांगल्या होत्या हे आधी लिहून ठेवते. उन्हाने लाल झालेल्या नाकावर रुमाल दाबत त्या कुणाच्याही ओट्यावर मांडी घालून बसायच्या, नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, मुद्दे, न चावता गिळायला शिकल्या होत्या. आम्ही जीपने सर्जापूर रस्त्यावरच्या एका खेड्यात जायचो. दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं, मध्ये लाल धुरळा. बाईंच्या देशातून दुधाच्या भुकटीचे डबे आले होते. तान्ह्या मुलांना ती कशी द्यायची ते आयांना दाखवायचं, हे आमचं काम.

तिथे मुनियम्मा होती. माझ्याच वयाची, चार महिन्यांची मुलगी कडेवर. मला "अक्का" म्हणायची, माझ्या कन्नडला न हसणारी तेवढी एकटीच. डबे वाटायच्या दिवशी तिने डबा हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि बोलायला लागली. "अक्का, हिला सांग. गावची विहीर आटली आहे, आम्ही तळ्याचं पाणी पितो. त्यातच म्हशी बसतात. ते उकळायचं म्हणते, पण सरपणाला अर्धा दिवस चालावं लागतं. दिवसातून पाच वेळा मी पाणी कशावर उकळू? आणि मला दूध आहे. माझं दूध कमी पडतं असं हिला कुणी सांगितलं?"

इंगरबाई माझ्याकडे बघत होत्या, चेहऱ्यावर हसू, हातात वही. "एवढं काय सांगत होती?"

एवढ्या लांबून आलेली बाई. तिच्या तोंडावर हे कसं सांगायचं? मी म्हणाले, "ती तुमचे आभार मानते आहे."

बाईंनी आनंदाने तिचा हात दाबला. मुनियम्माला वाटलं, आपलं ऐकलं, आणि तरीही द्यायलाच सांगतात म्हणजे शिकलेल्या बाईचं काही तरी बरोबर असेल. तिने डबा घरी नेला.

उन्हाळ्यात गावात जुलाबाची साथ आली. भुकटीवरची मुलं आधी आजारी पडली. आम्ही पोचलो तेव्हा मुनियम्माच्या मुलीला पुरून दोन दिवस झाले होते. दारात डबा पडला होता, अर्धा भरलेला. इंगरबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मला म्हणाल्या, "विचार तिला, पाणी उकळलं नव्हतं का?"

मी विचारलं.

मुनियम्मा रडत नव्हती. ती बाईंकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी मी हेच सांगितलं होतं. सरपण नाही म्हणून सांगितलं. तळ्याचं पाणी आहे म्हणून सांगितलं. ही हसली आणि माझा हात दाबला."

आता दोघी माझ्याकडे बघत होत्या. पुन्हा काही तरी गोड सांगून टाकता आलं असतं. तोंडात शब्द तयारही होते, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी तिचं बोलणं शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. मग आणखी एक वाक्य माझ्या पदरचं जोडलं, "हे तिने खरंच सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही." आणि तेच कन्नडमध्ये मुनियम्माला सांगितलं.

तिने विचारलं, "का?"



बाईंनी मला दोष दिला नाही. जीपमध्ये म्हणाल्या, "तिचं बोलणं इतकं लांब आणि तुझं इतकं छोटं. ते माझ्या लक्षात आलं होतं. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही." त्यांनी वर लिहून डबे बंद करवले, विहीर खोल करायला माणसं आली. पाणी लागलं, पुढच्या वर्षी. वर्षभराने त्या मायदेशी गेल्या. तिथे बाहेरदेशी निघालेल्या मुलींना त्या आता शिकवतात. पहिल्या तासाला मुनियम्माची गोष्ट सांगतात, असं त्यांनी मला कळवलं. बरं वाटलं असं म्हणवत नाही. त्यांच्या मुली शिकल्या, पण त्यासाठी इथली एक गेली.

दादा गेले तेव्हा मी निपाणीला आले होते. शेजारपाजारचे सगळे म्हणाले, मास्तरांची मुलगी केवढं पुण्याचं काम करते. तू माझ्याकडे अभिमानाने बघत होतीस. त्या घरात मला पाच दिवस झोप लागली नाही.

मी अजून त्या खेड्यात जाते. मुनियम्माला नंतर दोन मुलगे झाले. ती माझ्याशी वाईट वागत नाही. मी विचारते त्याला उत्तर देते, तिचं बोलणं मी वहीत पुरतं लिहून घेते. मात्र त्या दिवसापासून तिने मला अक्का म्हटलेलं नाही. कचेरीतल्या कुठल्याही बाईला म्हणतात तसं ती मला "अम्मा" म्हणते.

तरी कमल, मी येणार नाही. तिकडे मी मास्तरांची हुशार मुलगी आहे, आणि सगळ्यांची माया त्या मुलीवर आहे. इथे एका ओट्यावर मी कोण आहे ते एका बाईला नीट माहीत आहे. ती मला ये म्हणत नाही, जा म्हणत नाही. मी जाऊन बसते. घर म्हणायला आता माझ्याकडे तेवढंच आहे.