कोपीतली चौथी

मुलाला घरीच शिकवायचं तर त्याचं नाव कुठं आणि कसं घालायचं, असं हल्ली शिकल्यासवरल्या आया मला विचारतात. मी काय सांगणार, कपाळ! माझं नाव आईनं ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत घातलं होतं, आणि त्याच वेळी मी गावच्या शाळेत रोज हजरही होते.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. पाथर्डीकडचं आमचं गाव दिवाळी झाली की रिकामं व्हायचं. आई-बाप कोपरगावकडं उसाला जायचे ते वैशाखात परतायचे. दुसरीपर्यंत मी चुलतीपाशी राहून शिकले. पुढं चुलतीही उसाला निघाली, मग मला कोण ठेवून घेणार? आईला अक्षर येत नव्हतं. पण पोरगी चौथी पास होणार आणि तालुक्याला वसतिगृहात राहून पुढं शिकणार, असं तिनं ठरवलं. ती एकदा बोलली की बापाची काय बिशाद!

तिची रीत सोपी होती. बाप ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधायची, आणि मी बाजूला उभी राहून मोठ्यानं धडा वाचायचे. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. वाचता येत नसलं तरी अडखळलेलं तिला बरोबर कळायचं. पाढ्यांत मात्र तिची फसगत झाली. एकोणिसाचा पाढा मी महिनाभर चुकीचा, पण ठणकावून म्हटला आणि शाबासकी घेतली. शेजारच्या कोपीतल्या दोघींनाही तो तसाच पाठ झाला. देव त्यांचं भलं करो.

असे दोन हंगाम गेले. गावी आल्याआल्या आई मला आणि धाकट्या बहिणीला घेऊन गुरुजींकडं गेली. पोरगी घरी शिकलीय, तिची चौथीची परीक्षा घ्या, असं तिचं म्हणणं. गुरुजींनी हजेरीपट उघडला आणि गोड आवाजात सांगितलं, की घरी शिकण्याचा प्रश्नच येत नाही. मुलगी वर्षभर एकही दिवस न चुकता शाळेत आलेली आहे. परीक्षाही दिलेली आहे. नापास झालेली आहे.

त्याचं असं होतं. गाव उसाला गेलं की शाळेत मूठभर पोरं उरायची. पट घसरला तर शाळाच बंद पडणार, म्हणून आम्ही सगळे ऊसतोडवाले रोज हजर. शाळा चौथीपर्यंतच. पास झालेलं पोर पटावरून जाणार, म्हणून आम्ही सगळे नापास. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. नापासच करायचं तर निदान मला परीक्षेला बसू तरी द्यायचं!

आईनं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी धडाधड तीन धडे वाचले, कुठंही न अडखळता. गुरुजी माणूस वाईट नव्हता. हजेरीपट मिटत म्हणाले, "बाई, हिला पास करतो. पण हिच्या जागी पटावर एक नाव द्या."

धाकटी सहा वर्षांची होती. "हिचं घाला," आई म्हणाली. "घरी शिकवायला थोरली हायेच की."

जूनमध्ये थोरली वसतिगृहात गेली. आईला चूक पकडता येत होती, पण चुकायला तरी अक्षर यावं लागतं, आणि ते धाकटीला कुणी दाखवलंच नाही. ती उसात मोळ्या वाहत राहिली आणि गावात हजर राहिली. काही वर्षांनी गुरुजींची बदली झाली, तेव्हा जाता जाता त्यांनी तिलाही चौथी पास करून टाकलं. उपकारच म्हणायचे.

मागच्या वर्षी तिनं पेटीतून तो दाखला काढला आणि काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. पदर तोंडाला लावून ती हसली.

"लई हुशार हुते की गं मी," म्हणाली.

मला तिच्याकडं बघवेना. माझी चौथी तिच्या जिवावर पास झाली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.