सात-आठला म्हणजे कधी?

चाकणच्या बसथांब्यावर मी फोनवर मित्राला म्हणालो, "मग सात-आठला नक्की भेटू." फोन ठेवताच शेजारी बसलेले पांढऱ्या टोपीतले काका माझ्याकडे वळले.

"सात-आठला म्हंजी? आज सात-आठ वाजता, का सात ऑगस्टला?"

"सात ऑगस्टला."

"मग तसं सांगा त्यास्नी."

त्यांचा चेहरा इतका गंभीर होता, की मी पुन्हा फोन लावला. मित्र आज संध्याकाळचंच धरून बसला होता. काकांनी नुसती मान हलवली आणि मांडीवरची पिशवी नीट केली.

मग म्हणाले, "आमची लेक अमेरिकेत असती. मागल्या खेपेला तिनं यायची तारीख आकड्यात धाडली, पाच-सहा. आमी पाच जून धरला. तिकडं म्हयना आधी लिवत्यात. ती आली सहा मेला. आमी समदी जुन्नरला लग्नात जेवत होतो, आन् ही कुलपाफुडं बॅगंवर बसलेली."

"चिडल्या असतील."

"न्हाई. 'मला विसरलात का?' येवढंच म्हणली."

रस्त्यावरून एकामागून एक कंटेनर जात होते. आता कुठे निघालात, असं मी विचारलं.

"विमानतळावर. लेक येतीया. यंदा तिनं अक्षरात लिवलंय, सोमवारी सकाळी."

"काका, आज रविवार आहे."

"ठाव हाय की," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन बसमध्ये चढले.