भुऱ्याचा कोपरा

नरडाण्याजवळच्या त्या घरात अभिमन आबा खांबाशी बोलायचे. डोकं फिरलं होतं म्हणून नव्हे. जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, ही घरची रीत. झुंबरबाईला काही सुनवायचं असलं की आबा ओसरीच्या खांबाकडे बघून सुनवत, आणि ती पदर पुढे ओढून भिंतीला उत्तर देई. नवरा लोटन आग्रा रोडवर ट्रक चालवायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. मूलबाळ नव्हतं. अशा बाईने घरात मान खाली घालून राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा, आणि नेमकं तेच तिला कधी जमलं नाही.

गावात पहिला टीव्ही आला त्या फाल्गुनात कापसाच्या पऱ्हाटीच्या गंजीखाली तिला कुत्र्याचं एक राखाडी पिल्लू सापडलं. त्याची आई हमरस्त्यावर गाडीखाली गेली होती. झुंबरबाईने ते पदरात घालून घरी आणलं आणि नाव ठेवलं भुऱ्या. भुऱ्याने पहिल्याच दिवशी माजघराच्या कोपऱ्यात घाण केली.

थोरली जाऊ ताईबाई नाक दाबून ओरडली, "सारव ते पहिले!" झुंबरबाईने लगेच शेणाचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी भुऱ्या पुन्हा त्याच कोपऱ्यात बसला. पुन्हा सारवण, पुन्हा घाण. ताईबाईने केरसुणी उगारली, तर पिल्लू कणगीमागे लपून तिथेही ओलं करून आलं.

आबा खांबाला म्हणाले, "आखाजीले जर घरमा घाण दिसनी, ते कुत्रं पोतामा घाली टेसनवर सोडी देसू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायची ती त्याच माजघरात. पोत्यात घातलेली मांजरं कुठे जातात ते झुंबरबाईने पाहिलं होतं. पण रडत बसायची तिची जात नव्हती. ती पिल्लाच्या मागे मागे फिरली. अंगणात सोडलं की भुऱ्या धावत जायचा तो थेट गोठ्यामागे, शेणाच्या ढिगाशी. तिथे हुंगायचा, गोल फिरायचा आणि मोकळा व्हायचा. तिने कपाळावर हात मारला. कोपरा पवित्र करायला आपण रोज शेण लावतो, आणि ते बिचारं समजतं, बसायची जागा हीच!

तिने कोपरा राखेच्या गरम पाण्याने घासला, पांढऱ्या मातीने पोतारला आणि भुऱ्याची भाकर-ताकाची वाटी तिथेच मांडली. खातो तिथे कुत्रं घाण करत नाही. झोपून उठला, खाऊन झालं, की उचलून गोठ्यामागे. हळूहळू तो स्वतःच दाराशी जाऊन कुंई करू लागला.

मग आखाजी उद्यावर आली, आणि ताईबाईने शेणाची पाटी भरली. सकाळी सगळं घर सारवायचं!

झुंबरबाई ओसरीवरच्या आबांना ऐकू जाईल असं भिंतीला म्हणाली, "यंदा पांढरी माती लावू."

"बिनशेणनं घर?" ताईबाई कडाडली. "पितरं उंबरा वलांडतीन का?"

सणाच्या पहाटे घर जागं व्हायच्या आत झुंबरबाईने सगळं माजघर पांढऱ्या मातीने पोतारून काढलं. ताईबाईने उठून आकांत मांडला. आबा आले, लखलखीत जमीन बघून लाल झाले, पण वेळ टळू नये म्हणून दात-ओठ खात घागर भरायला बसले.

तेवढ्यात भुऱ्या झोपेतून उठून थेट घागरीजवळ आला. जमीन हुंगली. एक गोल फेरी मारली. ताईबाईने डोळे मिटले. आबा घागर धरून अर्धे उठले. भुऱ्या कुंई करून उंबऱ्याबाहेर पळाला, गोठ्यामागे.

आबा माजघराच्या खांबाकडे वळले. "तरी बी कुत्रं ते कुत्रंच..."

झुंबरबाई त्यांच्या आणि खांबाच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"आबा, मी तुमले सांगस. हाऊ कुत्रा आठेच, याच घरमा राही. त्याले पोतामा घालनं व्हई, ते पहिले माले घाला."

आबांची नजर खांब शोधत होती, पण मध्ये ती होती. भुऱ्या परत येऊन वाटीशी बसला. आबा तिच्याकडे बघत म्हणाले, "मांडा दे त्याले."

"तुम्हीच द्या," झुंबरबाई म्हणाली.

आबांनी घागरीशेजारच्या ताटातला पुरणाचा मांडा मोडला आणि वाटीत टाकला.