जागेश्वरची किल्ली

जागेश्वर आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून एक परीक्षानळी फुटलेली मला आठवत नाही. मी त्याच शाळेचा हेडक्लार्क. कॉमर्सचा माणूस, निवृत्तीला सात महिने उरलेत. विज्ञान प्रदर्शनाची नियमावली दरवर्षी मीच तयार करतो, छाननीलाही बसतो. सहावा नियम माझाच: प्रतिकृती विद्यार्थ्याने स्वतः बनवावी, पालकांची मदत आढळल्यास प्रवेशिका बाद.

मागच्या वर्षी नियमावली फलकावर लागली, त्या दिवसापासून जागेश्वर शाळा सुटताना प्रयोगशाळेची किल्ली माझ्या टेबलावर ठेवू लागला. त्याची मोठी मुलगी गोपिका आमच्याकडेच दहावीत होती आणि तिने प्रदर्शनासाठी अर्ज भरला होता. किल्ली का देतो, हे मी विचारले नाही.

तांदळाची, मैद्याची आणि चिंचोक्याची खळ दिलेला धागा किती वजनाला तुटतो, असा तिचा प्रयोग होता. छाननीच्या दिवशी तिने तो माझ्यापुढे मांडला: लाकडी चौकटीवर धागे ताणलेले. जागोजागी जोडलेले, पण गाठ एकही नाही. नुसता पीळ, बोट फिरवले तरी कळू नये असा. जागेश्वरचे घराणे विणकरांचे, एवढे मला ठाऊक होते.

"हे तुझ्या वडिलांचं काम आहे," मी म्हणालो.

"नाही सर, मी..."

"सहावा नियम वाच."

तिने दाराकडे पाहिले. जागेश्वर तिथे पाण्याचा ट्रे घेऊन उभा होता. तो एवढेच म्हणाला, "चाल वं गोपिका. उचल."

त्याचे गप्प राहणे मी कबुली समजलो. नाव कापले. यादी जिल्ह्याला गेली.

दहा दिवसांनी तो तापाने रजेवर होता. साठा नोंदवहीवर त्याची सही हवी होती, म्हणून मी तांडापेठेत त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत त्याची आई कुसुमावती मागावर बसली होती. शेजारी गोपिका तुटलेले धागे जोडत होती. बोटांना चिमूटभर राख, एक पीळ, झाले. मला पाहून ती थांबली.

"हात काहून थांबला वं?" म्हातारी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बसा बाबूजी. पाहा पोरीचा हात. आमच्यात धागा जोडनं बायकाईचं काम. माह्या या पोराले सांगतलं, त धाग्याचा दोर करून ठेवते!"

खाटेवरचा जागेश्वरही हसला. मला बसवेना.

"तेव्हा का बोलला नाहीत?" मी त्याला विचारले.

"तुम्ही विचारलं कुठं, बाबूजी? आन बापानं बोलनं म्हंजे मदतच झाली असती ना."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांना सगळे सांगून जिल्ह्याला पत्र पाठवले. मुदत संपल्याचे उत्तर आले. मग दहावीच्या वर्गात जाऊन, सगळ्यांसमोर, चूक माझी होती असे सांगितले. गोपिका "हो सर" म्हणाली आणि वहीत पाहू लागली. शाळेतले तिचे ते शेवटचे वर्ष होते.

ती आता कॉलेजात आहे. जागेश्वर मात्र अजून रोज संध्याकाळी किल्ली आणून ठेवतो. परवा मी म्हणालो, "राहू द्या आता तुमच्याजवळच."

"नाही बाबूजी," तो म्हणाला. "लहानी पोरगी, भूमिका, यंदा नववीत गेली. तिनंही अर्ज भरला हाय. किल्ली बापाजवळ नको."

किल्ली मी खणात ठेवली. त्याच्याकडे पाहता आले नाही.