सव्वा इंची पाइप

जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ चुकीच्या मापाच्या पाइपात असतं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझे थोरले साडू. निफाडकडच्या द्राक्षबागांना ठिबकचे पाइप टाकण्यात त्यांची हयात गेली. काम सोडून इंदिरानगरात आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले, तरी डोक्यातून पाइप काही निघेना. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची धार बारीक पडली, की हे वाढप्याला थांबवून किटलीच्या तोटीत डोकावणार! ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमचे सगळ्यांचे चेहरे उतरले आणि साडूंनी विचारलं, "किती एमेमच्या राहिल्यात?"

ताईंना फार हिंडायफिरायची बंदी झाली, म्हणून साडूंनी हॉलमध्ये त्यांच्या कॉटसमोर माशांची मोठी टाकी मांडली. टाकीतलं पाणी खालच्या पेटीत उतरायचं, गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. या वर चढणाऱ्या पाइपातच साडूंनी माती खाल्ली. बागेत पाइप विहिरीपासून वेलीपर्यंत बारीक होत जातो, तीच अक्कल त्यांनी इथे चालवली. पंपाचं तोंड इंचाचं, आणि यांनी जोडला अर्धा इंच, त्यात वळणावळणाला काटकोनी एल्बो, तेही चार! पाणी कसंबसं चढायचं आणि पंप असा केकाटायचा, की काही विचारू नका. ताई एवढंच म्हणाल्या, "अहो, डोळा लागत नाही हो."

पाइप पंपाच्या तोंडापेक्षा मोठाच हवा, असं मासेवाल्या दुकानदारानं बजावलं होतं. पण मासे विकणाऱ्यानं आपल्याला पाइप शिकवावा, हे साडूंच्या पचनी पडेना. मग अर्ध्याचा पाऊण केला, पाऊणचा इंच. एकदम मोठ्या मापावर जाणं त्यांना जन्मात जमलं नसतं. दर खेपेला पाइप धरायला मी, आणि जोड चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं माझं डोकं उठलेलं. पंप सुरू करून साडू कॉटकडे वळून विचारायचे, "आता?" ताई हसून मान हलवायच्या, की अजून नाही.

शेवटी सव्वा इंच बसवला आणि दोन एल्बो काढून टाकले. पाणी भरभर चढायला लागलं आणि आवाज म्हणाल तर शून्य. साडूंनी वळून विचारलं, तर ताई झोपलेल्या. त्या दुपारी आम्ही दोघं हळू आवाजात चहा प्यायलो.

दिवाळीनंतर ताई गेल्या. दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले आणि साडूंनी मला बोलावणं पाठवलं. जाऊन बघतो तर टाकीसमोर बसलेले, हातात करवत, शेजारी अर्ध्या इंचाचा पाइप आणि चार एल्बो. मी वैतागलो. पंप जळेल, म्हणालो.

"जळू द्या पाव्हणं," ते म्हणाले. "घरात लय गप्प गप्प झालंय. नाय सोसत मला."

मी पाइप धरला. जोड वाळल्यावर त्यांनी बटण दाबलं, पंप पूर्वीसारखाच केकाटायला लागला, आणि साडू सवयीनं कॉटकडे वळले. चादर घडी घालून ठेवलेली होती. मला तर पाइप सोडायचंही सुचलं नाही.

अजूनही त्यांचा जिना चढताना तो आवाज खालपर्यंत येतो. शेजारी कटकट करतात. मला मात्र तो ऐकला की बरं वाटतं, आणि वाईटही.