घरचा कोंबडा

आमच्या दारात येणारा प्रत्येक माणूस आधी एकच प्रश्न विचारतो, ही कोंबडी आहे का मांजर. विचारतो आणि स्वतःच हसतो. हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की हल्ली मी सरळ मांजर म्हणून सांगते. सिल्की जातीच्या कोंबडीला इतर कोंबड्यांसारखी सपाट पिसं नसतात, पिंजलेला कापूस अंगाला चिकटवल्यासारखा मऊ फुगीर पिसारा असतो. डोक्यावर गोंडा असतो आणि त्या गोंड्याखाली कुठेतरी डोळे असतात, ज्यांचा तिला काडीचा उपयोग होत नाही. पांढऱ्याशुभ्र पिसांखाली कातडी काळी, आणि पायाला चाराऐवजी पाच बोटं. एवढं सगळं देताना अक्कल द्यायची राहून गेली असावी.

मी वळ गावातल्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. शिफ्ट संपली की शेलार गावात घरी. घरात आई आणि मी. सासर सोडून परत आले त्याला इतकी वर्षं झाली की आता शेजारीपाजारीही कारण विचारत नाहीत. काम, घर, जेवण, झोप, असं छान चाललं होतं. मग कामावरच्या एका मैत्रिणीबरोबर मी निजामपुऱ्यात गेले. तिथे कापडाचे लूम चालवणाऱ्या एका चाचांच्या गच्चीवर या कोंबड्या पाहिल्या आणि माझं डोकं फिरलं.

चाचांनी सावध केलं होतं. "मॅडम, ये शौक की चीज है, इसमें दिमाग का दही हो जाता है," असं म्हणतच त्यांनी एक नर आणि दोन माद्या खोक्यात भरून दिल्या. रिक्षात खोकं मांडीवर घेऊन मी घरी आले. आईने झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, "खायाचा न्हाय तं आनला कशाला?"

मला पिल्लं हवी होती. हातात मावणारी, केसाळ पायांची, माझ्या घरात जन्मलेली पिल्लं. यात अवघड काही असेल असं वाटलं नव्हतं, कारण सिल्की मादीला खुडूक व्हायला निमित्त लागत नाही. पाच-सहा अंडी घातली की ती अंडी द्यायचं बंद करते आणि उबवायला ठाण मांडते. खाली अंडी असलीच पाहिजेत असंही नाही. आमची एक दोन दिवस माझ्या रबरी चपलेवर बसून होती. दुसरी कोपऱ्यातल्या कांद्यांवर बसली आणि कांदा घ्यायला गेलेल्या आईच्या हाताला चोची मारल्या. शेवटी मी त्यांच्याखाली अंडी ठेवली, एकवीस दिवस मोजले, वर आणखी चार दिवस वाट पाहिली. एकही पिल्लू निघालं नाही. बॅटरी धरून बघितलं तर सगळी अंडी नुसती पाणी.

चाचांना फोन केला. ते म्हणाले, "पीछे के बाल काटे थे?" मी विचारलं, कोणाचे. मग त्यांनी बराच वेळ हसून समजावलं की मागच्या बाजूची पिसं इतकी दाट असतात की नर-मादीचं जमतच नाही, तिथे कात्री चालवावी लागते. डोळ्यांवरचीही कापा म्हणाले, म्हणजे निदान मादी कुठे आहे हे त्याला दिसेल. हे कोंबड्या विकताना सांगायला काय झालं होतं, कोण जाणे. मग एका रविवारी मी ओटीवर बसून, कोंबड्याला टॉवेलात गुंडाळून, गुडघ्यांत दाबून, त्याची मागची पिसं कापली. तो शांत होता. गल्ली शांत नव्हती. आई दारात उभी राहून म्हणाली, "याच्यासाठीच का तुला शिकवली?"

दुसऱ्या वेळी मी मशीन आणलं. थर्माकोलची पेटी, आत बल्ब, वर तापमान दाखवणारा काटा. बारा अंडी ठेवली. आई म्हणाली, आत लोखंडाचा तुकडा ठेव, वीज कडाडली तर अंड्यातला जीव जातो. मी म्हटलं, "आई, ही पेटी आहे, पेटीला वीज कडाडल्याचं काही वाटत नाही." आवाज चढला होता माझा. वीज कडाडली नाहीच. गेली. शुक्रवारी सकाळी लाईट गेली ती पार दिवस मावळायला आली. मी पेटीला गोधड्या गुंडाळल्या, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, लाईट ऑफिसला इतके फोन केले की तिथल्या माणसाने माझा आवाज ओळखून फोन ठेवायला सुरुवात केली. पंचविसाव्या दिवशी अंडी फोडली. आत पिल्लं होती, अर्धवट, डोळे मिटलेली.

शेवग्याखाली खड्डा करून ती पुरली आणि मी रडले. आपण कोंबडीच्या अंड्यांसाठी रडतोय याचा मला वेगळाच संताप आला. सासर सोडलं तेव्हा रडले नव्हते मी. आई मागच्या दाराशी उभी होती. मी परतायच्या आत ती चहा ठेवायला गेली.

तिसरी खेप तिने माझ्या हातातून काढून घेतली. मशीन माळ्यावर गेलं. टोपलीत भाताचा पेंढा, पेंढ्यात कोयत्याचं मोडकं पातं, त्यावर सात अंडी आणि त्यावर चपलेवर बसणारी ती शहाणी. मला हात लावायची बंदी होती. "दिसाला धा वेला उचलून बघतंस, ती बसंल कशी?" म्हणे. मी कामावरून आले की लांबूनच टोपलीकडे बघायचं आणि आईने माझ्याकडे बघायचं, असे एकवीस दिवस गेले. बाविसाव्या दिवशी सकाळी टोपलीतून बारीक आवाज आला. चार पिल्लं निघाली. मी गोदामात फोन करून ताप आल्याचं सांगितलं आणि दिवसभर टोपलीपाशी बसून राहिले. इतकी खूश मी किती वर्षांत झाले नव्हते, ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

दुपारी आई शेजारी येऊन बसली. पिल्लांकडे बघून तिने गावदेवीच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाली, "मंगलवारी जायाला लागंल. कोंबरा सांगितलाय मी."

मी म्हटलं, बरं, बाजारातून एक गावठी आणते.

"घरचा सांगितलाय."

घरात कोंबडा एकच होता. पिल्लं निघावीत म्हणून माझ्या आईने पिल्लांचा बापच कबूल केला होता. डोक्याला हात लावला मी. तिला समजावलं की हा गेला तर पुढे अंडी पुन्हा नुसती पाणी. या जातीच्या पिल्लांत नर कोण आणि मादी कोण हे पाच-सहा महिने कळत नाही. चारही माद्या निघाल्या तर काय करायचं? चाचांकडूनही आता मिळायचा नाही, लूम बंद करून ते त्यांच्या मुलखात निघून गेले होते. आईने सगळं ऐकून घेतलं. आई भांडत नाही, ती भाजी निवडत बसते, आणि त्याने माझा जीव नुसता वर-खाली होतो. बाजारातला आणून आठ दिवस घरचे दाणे घातले तर तो घरचा होईल का, असंही मी विचारलं. तिने मेथीची जुडी सोडली आणि म्हणाली, "देवीला तू येडी समजतंस का?"

आता खरं सांगायचं तर कोंबडा लपवून ठेवायची हिंमत मलाही नव्हती. बारा अंडी मेली तेव्हा मी हातही जोडले नव्हते, चार जगल्यावर देवीला नाही कसं म्हणणार. पण त्याला नेऊन द्यायचं माझ्याने होईना. माझी चाहूल लागली की न दिसणाऱ्या डोळ्यांनी तो जाळीवर येऊन आपटायचा. दोन रात्री विचार करून मला एक वाट सापडली. आमच्याकडे देवीपुढे कोंबडा उभा करतात आणि पानावर तांदूळ ठेवतात. त्याने तांदूळ टिपले तर देवीने मान घेतला. तीनदा ठेवूनही टिपले नाहीत, तर देवीला तो नको, परत न्यायचा.

मंगळवारी पहाटे आई आंघोळीला गेली आणि मी कोंबड्यापुढे बाजरी ओतली. वर भिजवलेली डाळ, वर उकडलेलं अंडं कुस्करून. तो खात होता तोवर मी घालत होते. शेवटी त्याने मान वळवली, तरी दोन घास मी हाताने भरवले.

देवळात आईने त्याला पदराखालून नेलं. पुजारी आमच्याच गावातला म्हातारा. त्याने आधी कोंबड्याकडे आणि मग आईकडे बघितलं. "ह्यो काय हाय?"

"कोंबरा."

"आन ही पाच बोटां?"

"घरचा हाय," आई म्हणाली.

पांढऱ्या पिसांवर हळद-कुंकू पडलं. पानावर तांदूळ ठेवले. कोंबडा उभा राहिला. डोळ्यांवरची पिसं मी नुकतीच कापली होती, तांदूळ त्याला स्वच्छ दिसत होते, पण पोटात जागा नव्हती. दुसऱ्यांदा ठेवले, तो खाली बसला. तिसऱ्यांदा ठेवले तेव्हा त्याने डोळे मिटले. पुजारी म्हणाला, "घेत न्हाय देवी. ने परत." आईने वाकून छातीखाली हात घालून त्याला उचलला आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग तिने देवीपुढे डोकं टेकवलं, बराच वेळ. मला आनंद झाला होता, पण देवीकडे बघायचं मी टाळलं.

बुधवारी तिने बोंबलाचं कालवण केलं, मला वाढलं आणि स्वतः डाळभात घेऊन बसली. पोट बरं नसेल असं मला वाटलं. शुक्रवारी कोलंबी होती, तेव्हाही तेच. म्हावऱ्याशिवाय माझ्या आईच्या घशाखाली घास उतरत नाही. आजारपणातसुद्धा ती पेजेबरोबर सुकटीची चिमूट मागते. रविवारी मी ताट सरकवून विचारलं, हे काय चाललंय.

"सोडलाय मी."

"किती दिवस?"

"सोडला म्हंजे सोडला. कोंबऱ्याच्या बदली."

मग मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "आई, देवीने नाही म्हटलंच नव्हतं. मी सकाळी त्याला पोटभर चारलं होतं."

"मना माहीत हाय," ती डाळभात कालवत म्हणाली. "उचलला तवा त्याच्या गल्याखालची पिशवी हाताला लागली. दगडावानी झालेली. जलमभर कोंबऱ्या पालल्यान मी."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"बोलून काय? तुजा तोंड बघितला मी. आन देवीला काय सांगू, पोरीनं फसवला म्हनून? तिला काय तरी द्याला पायजेल ना."

मी म्हटलं, मग मीही सोडते, चूक माझी आहे. यावर मात्र ती चिडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चिडली. "दोघींनी सोडला तं रांधू कोनासाठी?" असं म्हणून तिने बोंबलाची वाटी माझ्या पुढ्यात सरकवली आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

कोंबडा जाळीत मजेत आहे. आई अजून दर रविवारी कालवण करते, मीठ बरोबर आहे का ते मला विचारते, आणि ते मी एकटीच खाते.